राईचा उजवा कौल

आधी माफी मागतो. या अंकात आपल्या नोकरीबद्दल कोण कोण लिहिणार आहे ते अंक काढणाऱ्या आमच्या सरांनी मला सांगितलं. एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, एक नर्सबाई आहेत, एकांनी आयुष्यभर घाटात एसटी चालवली आहे. मी अजून भूगोलाच्या चौथ्या, शेवटच्या वर्षाला आहे, आणि माझी नोकरी म्हणजे वनखात्याकडं चार उन्हाळे केलेली हंगामी मजुरी. तिला नोकरी म्हणायचं की नाही, हेच मला कळत नाही. "लिही तू, खोडायला मी आहे," असं सर म्हणाले म्हणून धाडस करतोय.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. वडील कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, आई दुसऱ्यांच्या शेतात जाते. लेख लिहितोय म्हटल्यावर आई म्हणाली, "छापून येणार व्हय? मग कुणाचं वंगाळ लिवू नगोस." तेवढं पाळायचा प्रयत्न करतो. म्हणून गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. कोडोलीच्या पश्चिमेला, डोंगराला टेकून आमचं गाव आहे एवढं पुरे. मला सुट्टीत तिथंच जायचं असतं.

माझ्या कामाला ‘फायर वॉचर’ म्हणतात. नाव ऐकून शहरातल्या मित्रांना हेल्मेट आणि लाल गाडी आठवते. आमच्याकडं एक ब्लोअर असतो, पाठीवर घ्यायचा, पेट्रोलवर चालणारा, पाला उडवणारा. तो बहुतेक वेळा बंद असतो. मग हिरवा डहाळा तोडायचा आणि जाळावर हाणायचा. डहाळा वर उचलून जोरात मारला तर ठिणग्या उडून मागं आग लागते, म्हणून दाबून मारायचा. आगीच्या वरच्या बाजूला कधी उभं राहायचं नाही, कारण आग चढाला माणसापेक्षा जोरात पळते. एवढं शिकलं की निम्मं काम आलं.

उरलेलं निम्मं काम जाळरेषेचं. शिमग्याच्या आधी जंगलातून एक पट्टा साफ करायचा, त्यातलं गवत आपणच नजरेखाली जाळून टाकायचं. पुढं वणवा आला की त्या पट्ट्यावर त्याला खायला काही नसतं आणि तो तिथं थांबतो. निदान थांबावा अशी अपेक्षा असते.

वणवा आपोआप लागत नाही. चार उन्हाळ्यांत मी तरी आपोआप लागलेला पाहिला नाही. वाळलं गवत जाळलं की पावसाळ्यात कवळं, दाट गवत येतं असं आमच्याकडं सगळे मानतात, आणि त्यात थोडं खरंही आहे. त्यामुळं काडी लावणारा माणूस बहुधा ओळखीचाच निघतो. एकदा एक म्हातारा आम्हाला काडेपेटीसकट सापडला. पळाला नाही. उलट म्हणाला, "बरं झालं आलासा. माझं लावून झालंय, आता तुमी इजवा."

बाहेरचे पावणे वेगळे. लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडी कोल्हापुरातून आली होती. फोटोग्राफरनं रंगीत धुराची नळकांडी आणली होती. नवरीच्या मागं गुलाबी धूर सोडला आणि त्याखालचं गवत पेटलं. आम्ही डहाळे घेऊन धावलो, तर फोटोग्राफर ओरडतोय, "भावा, एक मिनिट, फ्रेममधून बाजूला हो की!" आग विझल्यावर नवरीनं आम्हाला पाणी दिलं. नवरदेव गाडीतून उतरलाच नाही. पुढं त्या लग्नाचं काय झालं माहीत नाही.

असं हसण्यासारखंही असतं. पण मला जे लिहायचं आहे त्यात हसण्यासारखं फार नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, माझ्या कामाच्या दुसऱ्या वर्षी, वणवा पहिल्यांदा गावापर्यंत उतरला. भर दुपार होती. गावातली माणसं शेताकडं, ऊसतोडीकडं गेलेली. डोंगराच्या पायाशी सगळ्यात पहिलं घर बापू गुरवाचं. देवीची पूजा त्याच्याकडं. आम्ही वरून धापा टाकत खाली आलो तोवर त्याचा गोठा जळून गेला होता. आत म्हैस होती, साखळीनं बांधलेली. तिला सोडायला घरात कुणीच नव्हतं. बापू सातवेला, म्हणजे पलीकडच्या गावाला, पाहुण्यांकडं गेला होता.

बापू आला, गोठ्यासमोर उभा राहिला. रडला नाही, ओरडला नाही. वाकून त्यानं ती साखळी उचलायला हात घातला, चटका बसला, तरी सोडली नाही. आम्हीच ती त्याच्या हातातून काढली. त्यानंतर बरेच दिवस तो कुणाशी बोलायचा नाही. देवीची आरतीसुद्धा पुटपुटत म्हणायचा.

त्या वणव्यामुळं पुढच्या वर्षी वरून आदेश आला. गावाच्या वरच्या अंगाला सरकारी जंगलाचा एक जुना तुकडा आहे. आम्ही त्याला राई म्हणतो. हिरडा, जांभूळ, ऐन, कुंभा, मधूनच शिकेकाईच्या वेली. आतमध्ये भर दुपारी संध्याकाळ वाटते. राईच्या खालच्या टोकाला झरा आहे, त्याचं पाणी नळानं गावात येतं. आदेश असा, की जाळरेषा फार अरुंद आहे, ती राईतून रुंद करायची, आणि त्या पट्ट्यातली झाडं तोडायची. गाव वाचवण्यासाठी.

झाडांवर नंबर टाकायला वनपाल साहेब आले. त्यांना हिरेमठ साहेब म्हणू. ते गडहिंग्लजच्या पलीकडचे, कर्नाटकाच्या अगदी कडेचे. रागावले की कानडीत बोलायचे आणि लगेच मराठीत माफी मागायचे. ते हातोड्यानं खोडावर छाप मारायचे, आणि मी रंगाचा डबा धरायचो. पहिल्याच दिवशी एका हिरड्याखाली तानूआक्का बसलेली दिसली.

तानूआक्का म्हणजे आमच्या गल्लीतली म्हातारी. नवरा कधीच गेलेला, लेक सासरी. राईतला हिरडा गोळा करून वाळवून विकणाऱ्या बायकांची ती म्होरकी. ती उठलीच नाही.

"अव्वा, बाजूला व्हा," साहेब म्हणाले. त्यांच्याकडं आईला अव्वा म्हणतात.

"मी कशाला हालू? तू टाक की नंबर. माझ्या बी कपाळावर टाक." मग माझ्याकडं बघून, "काय रं, कॉलेजात ह्येच शिकीवत्यात? डबा धरायचा?"

मी डबा धरूनच राहिलो. मला त्या डब्याचे पैसे मिळत होते आणि त्या पैशावर माझी कोल्हापुरातली, शिवाजी पेठेतली खोली चालत होती. शिवाय मला मनापासून वाटत होतं, की साहेबांचं बरोबर आहे. मी म्हैस पाहिली होती.

ग्रामसभा झाली. साहेबांनी नकाशा लावला, वणवा कसा उतरतो ते बोटानं दाखवलं. लोक शांतपणे ऐकत होते. मग एकदम गलका.

"झाडं तोडून जाळ थांबतोय व्हय? मग घर पाडून चोर बी थांबवा."

"लाकूड कुठं जाणार ते सांगा आधी!"

"झरा आटला तर नळाला काय तुमचा नकाशा जोडू?"

साहेब म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी जाळ घरात शिरला तर? मग मलाच शिव्या घालणार न्हवं तुम्ही?" सगळ्यांनी नकळत बापूकडं बघितलं. तो दाराशी उकिडवा बसला होता, जमिनीकडं बघत.

काम सुरू करायच्या दिवशी बायका राईत जाऊन बसल्या. भाकरी बांधून आणलेली, ओव्या चाललेल्या. मजूर बाहेरगावचे होते, करवती घेऊन ते बाजूला बसले आणि थोड्या वेळानं बायकांच्याच भाकरी खायला लागले. दुसऱ्या दिवशी तेच. साहेबांना वरून फोनवर फोन. पोलीस आणायचा विषय निघाला, तेव्हा ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "या म्हाताऱ्या बायांना गाडीत घालू का मी? होगली बिडू. जाऊ दे तिकडं. नोकरी नको वाटती."

मग तानूआक्काच उठली. म्हणाली, "सायेब, तुमचं बी नगो, आमचं बी नगो. ही राई तिची हाय. आईला कौल लावूया. ती तोड म्हणाली तर आम्ही उठतो. राख म्हणाली तर तुमी उठा."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं मोठं काम करायचं असलं की देवीला विचारतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फुलाची कळी पाण्यानं चिकटवतो. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर खणायची का, लग्न जमवायचं का, सगळ्याला कौल. मी भूगोल शिकतो, मला त्यावर विश्वास आहे की नाही हे विचारू नका. मलाही ते नीट माहीत नाही.

साहेब कबूल झाले तेव्हा मला आश्चर्यच वाटलं. नंतर कळलं, की त्यांना वाटलं होतं देवी नाहीच म्हणेल. गावाला तर खात्रीच होती. राई तिची, ती कशाला तोड म्हणेल? म्हणजे दोन्ही बाजूंना एकच उत्तर हवं होतं. साहेब वर कळवणार होते, की लोकांच्या भावना तीव्र आहेत, सबब काम थांबवलं.

सकाळी सगळं गाव देवळात. साहेब टोपी काढून, मांडी घालून बायकांच्या मागं बसले. बापू सोवळं नेसून आत गेला. तगरीच्या दोन कळ्या, पितळेची वाटी. त्यानं कळ्या लावल्या आणि बाजूला सरला. तानूआक्कानं हात जोडले.

"आई, राई तोडायची असंल तर उजवा दे. राखायची असंल तर डावा दे."

देवळात एवढी माणसं असून समईची वात चुरचुरलेली ऐकू येत होती. माझी नजर डाव्या कळीवर होती. बहुतेक सगळ्यांचीच असणार. त्यामुळं उजवी कळी पडली ते निम्म्या लोकांना दिसलंच नाही. कळी घरंगळत खाली आली आणि देवीच्या पायाशी थांबली.

कुणीतरी म्हणालं, "कुठली? कुठली पडली?"

"उजवी."

मी असा धक्का बसलेली माणसं एकत्र कधी बघितली नव्हती. कुणी रडलं नाही. एक बाई हसली, ते हसू मध्येच थांबलं. साहेबांचा चेहरा पांढरा झाला होता. ते पुन्हा पुन्हा डाव्या कळीकडं बघत होते, आता तरी पडेल म्हणून. ती हलली नाही.

"परत लाव की बापू," मागून एक पोरगं ओरडलं.

तानूआक्का वळली. "गप. आईला दोनदा इचारत न्हाईत." मग बायकांना म्हणाली, "उठा गं."

सगळे बाहेर पडले. ती मात्र गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेली, मूर्तीकडं बराच वेळ बघत राहिली. मग आत वाकून तिनं ती राहिलेली कळी काढली आणि देवीचा डावा खांदा पदरानं पुसला. हळुवारपणे, मुलाचं नाक पुसावं तसा. बापू कोपऱ्यात उभा होता. मला वाटलं, म्हातारी देवीवर रुसली नाही, केवढी तिची श्रद्धा. मी तसं त्या दिवशी साहेबांना बोललोसुद्धा.

साहेब म्हणाले, "मला वाटलं हुतं, देवी मला वाचवंल."

तोड झाली. मी त्या कामावर होतो. पहिलं जांभळाचं झाड पडलं तेव्हा आवाजाची भीती वाटली नाही, उजेडाची वाटली. जिथं मी लहानपणापासून कधी ऊन बघितलं नव्हतं तिथं एकदम ऊन पडलं, आणि जमिनीवरचे किडे सैरावैरा पळायला लागले. तानूआक्का राईकडं परत आली नाही. तिच्या हिरड्याचा ओंडका ट्रॅक्टरमध्ये चढवला तेव्हा तो तिच्या दारावरूनच गेला. ती दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. वळीव लवकर आला म्हणून झऱ्याकडची थोडी झाडं तोडायची राहून गेली, ती तशीच राहिली.

पावसाळ्यानंतर त्या पट्ट्यात गवत आलं. गवत म्हणजे काय सांगू, माझ्या छातीएवढं. राईत गवत कधी नव्हतंच, सावलीत ते येत नाही. लोकांनी भारे कापले, जनावरं पोसली. ज्यांनी विरोध केला होता तेच म्हणायला लागले, "आईनं बघा कसं दिलं." खात्याला तो रुंद पट्टा साफ करायला मजूर मिळाले नाहीत. आम्ही ब्लोअर घेऊन गेलो, पण पाला उडतो, छातीएवढं गवत उडत नाही. थंडी संपता संपता ते सोन्यासारखं वाळलं.

यंदा शिमग्यानंतर माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. परीक्षेतून बाहेर आलो, मोबाइल चालू केला, आणि तो हातात थरथरतच राहिला. मी मिळेल त्या गाडीनं गावाकडं गेलो.

वणवा पलीकडच्या डोंगरावरून आला आणि आमच्या पट्ट्यात शिरला. बघणारे सांगत होते, मोकळ्या हायवेवर गाडी सुटावी तसा तो त्यातून खाली आला. आम्ही रुंद केलेल्या, गाव वाचवायला केलेल्या त्याच पट्ट्यातून. मी पोचलो तेव्हा सगळं काळं होतं आणि धूर निघत होता. मी राखेतून चालत झऱ्याकडं गेलो. तिथं, तोडायच्या राहिलेल्या झाडांपाशी, आग थांबलेली होती. दोन पावलं आत शिरून मेली होती. आत जमीन गार होती. त्या दाट सावलीत जाळाला खायला काही मिळालंच नव्हतं. मी तिथं बसलो. तीन वर्षं मी नकाशे काढतोय, चार उन्हाळे आग विझवतोय. गवत उन्हात येतं हे मला माहीत होतं, ते जळतं हेही माहीत होतं. ही दोन वाक्यं मी एकमेकांशेजारी कधी ठेवली नाहीत. साहेबांनी ठेवली नाहीत. विरोध करणाऱ्यांनीही नाही. ते झऱ्याबद्दल बोलले, देवीबद्दल बोलले, लाकडाबद्दल बोलले. गवताबद्दल कुणीच बोललं नाही.

घरं वाचली, गाव धावलं म्हणून. पण जाळ पहिल्यांदा पुन्हा बापूच्याच गोठ्यावर आला होता. बापूनं नवी म्हैस घेतलेली, तीही साखळीला. बापू देवळात होता. तानूआक्का त्या वाटेनं पाणी आणत होती. घागर टाकून ती पेटत्या गोठ्यात शिरली आणि तापलेल्या साखळीचा आकडा हातांनी सोडवला. म्हैस सुटली. आक्काचे दोन्ही तळहात गेले.

ती कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात होती तोवर मी खानावळीतून डबा घेऊन जायचो आणि तिला भरवायचो. तिला त्याची लाज वाटायची, म्हणून ती चेष्टा करायची. "माझ्या नवऱ्यानं कदी भरीवलं न्हाय. तुझ्या बायकूची चैन हाय बघ." (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही ‘मी जातो, मी खातो’ म्हणतात. भरपूर खाल्लं की ती म्हणायची, "जेवलो बाबा.")

एक दिवस मी असतानाच बापू आला. हातात संत्र्यांची पिशवी. खाटेशेजारी स्टुलावर बसला. एकेक संत्रं काढून उशाशी मांडत राहिला.

शेवटी आक्काच म्हणाली, "दूध देती का रं म्हस?"

"देती," बापू म्हणाला, आणि उठून गेला.

साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी फोन केला होता, आक्काची चौकशी केली. म्हणाले, "झऱ्याकडची झाडं ऱ्हायली न्हवं? मी वर लिहून दिलंय, त्याला हात लावू नका म्हणून. वाचत्यात का बघू."

हा लेख मी इथंच संपवला होता. सरांना द्यायच्या आधी शुद्धलेखन बघत बसलो होतो, तेवढ्यात आईचा फोन आला. आज गावात देवीचे घट बसले. आई देवळातून नुकतीच घरी आली होती आणि तिला धाप लागली होती.

"आरं, बापूनं आज सगळ्यांम्होरं पाया पडून सांगितलं बघ. घट बसवायच्या आधी. म्हणला, माझा हात आईला लावू देऊ नगा. त्या कौलाच्या दिशी डावी कळी त्येनं पाण्यानं चिकटीवलीच न्हवती. गुळाच्या पाकानं चिकटीवलीती. पडूच नये म्हणून."

आई सांगत राहिली. लोक बापूच्या अंगावर धावले. पोरं मारायला उठली. तेव्हा तानूआक्का मध्ये उभी राहिली, भाजून आखडलेले हात पुढं करून.

"ती म्हणाली, मला ठावं हुतं. तवाच ठावं हुतं. सरपंच म्हणला, आक्का, ठावं हुतं तर बोलली का न्हाईस? राई गेली की समदी!"

"मग?"

"मग म्हणाली, त्येची म्हस जळत हुती तवा आपल्यातलं कोन हुतं तितं? काय तोंडानं बोलू मी?"

"पण तिला कळलं कसं?" मी विचारलं.

पलीकडं कुणाच्या तरी घरी आरती चालली होती.

"म्या बी तेच इचारलं," ती म्हणाली. "तर म्हणाली, डाव्या खांद्यावर मुंग्या चढलेल्या की गं. मी पदरानं पुसल्या."